कोबेतली रताळेवाली

माझ्या भागीदाराने मला फसवले. या हिवाळ्यात जपानातल्या कोबेहून सोलापूरला घरी जाण्याची पाळी माझी होती. मी माल पाहायला ओसाकाला गेलो आणि हा माझ्या जागेवर बोटीत बसून निघून गेला. मागे निरोप ठेवला, "औंदा तुमी थांबा की, पुढच्या साली तुमीच जावा." मी इकडे आल्यावर मला मुलगी झाली. तिला मी अजून पाहिलेले नाही, आणि येत्या संक्रांतीला तिचे बोरन्हाण आहे.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी कोबेची सगळी पेठ बंद होती. कोपऱ्यावर एक म्हातारी तेवढी भट्टीवर रताळी भाजत बसली होती. तान्ह्या मुलाचे डोके चाचपावे तसे ती प्रत्येक रताळे हलकेच दाबून पाही. तिने भाव सांगितला. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही. मला जपानी समजते, पण घासाघीस करण्याइतकी बोलता येत नाही, तेव्हा मंगळवेढ्याच्या बाजारात शेळ्यांचा भाव करतात तसा मी उपरण्याखाली तिचा हात धरला आणि माझा भाव सांगायला तिची दोन बोटे दाबली.

तिला वाटले, मला थंडी वाजते आहे. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि चोळत बसली.

"केवढा गार पडलाय," ती म्हणाली. मग त्यात ऊन रताळे ठेवून तिने माझी बोटे मिटली. मला पुढचा भाव सुचेना.

"उद्या नवे वर्ष. घरी का नाही गेलास?" तिने विचारले.

 याचे उत्तर माझ्या भागीदारापाशी आहे. त्याने परत यावे, त्या भट्टीपुढे उभे राहावे आणि म्हातारीच्या डोळ्यांत बघून ते द्यावे.