सरस वाळेपर्यंत

घाई करणारं गिऱ्हाईक मला दुपारच्या झोपेतून उठवणाऱ्या माणसासारखं वाटतं. बारामतीतलं माझं फ्रेमचं दुकान जेमतेम दहा फुटांचं. दुपारी ऊन आत आलं की भिंतीला टेकवलेल्या काचांवरून ते सरकत राहतं, आणि रिकाम्या चौकटींत नुसती भिंत दिसते. तेव्हा लाकडाचा भुसासुद्धा सावकाश खाली बसतो.

एकदा सकाळीच नरसिंहपूरचे एक म्हातारे तात्या आले. पिशवीत बायकोचा फोटो, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. दुसऱ्या दिवशी तिचं वर्षश्राद्ध होतं, आणि साडेपाचच्या एसटीनं फोटो घरी न्यायचाच होता. मी पट्ट्या कापल्या, कोपऱ्यांना सरस लावला, चौकटीभोवती सुतळीचा पीळ दिला आणि सांगितलं, आता पाच वाजेपर्यंत हिला हात लावायचा नाही.

तरी दर अर्ध्या तासानं ते विचारायचे, वाळला का? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण वेळ श्राद्धाची, गिळून टाकलं. मग त्यांना माझीच चूक सांगितली. एकदा भिडेखातर ओल्या कोपऱ्यांची फ्रेम दिली होती. भिंतीवर कोपरा उघडला, काच निसटली आणि फोटोतल्या माणसाचा गाल फाटला. त्या घरात दुसरी प्रत नव्हती. हे ऐकून तात्यांनी विचारणं सोडलं.

मला डुलकी लागली असावी. डोळे उघडले तेव्हा ऊन टेबलावर आलं होतं, आणि तात्या उघड्या फोटोवरून बोट फिरवत होते. आधी पदराच्या काठावरून, मग कपाळावरून. फोटोला बोटं लावली की मी कुणावरही खेकसते. त्या दिवशी नुसती बघत राहिले. एकदा काच बसली की हात काचेलाच लागणार, हे इतकी वर्षं फ्रेमा करून मला कधी सुचलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

पाचला सुतळी सोडली. कोपरा दाबून पाहिला, पक्का बसला होता. मी काच पुसायला घेतली.

"ताई, आजून वल्ला आसंल," फोटोवरचा हात न काढता ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या की जरा."

साडेपाचची गाडी चुकणार होती. मुक्कामी गाडी सातला होती.

"व्हय तात्या, वल्लाच हाय," मी म्हणाले, आणि काच परत भिंतीला टेकवली.