जिन्याखालचा फळा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या भिंतीवर, काळा रंग देऊन केलेला एक फळा होता. सोसायटीच्या सूचना त्यावर लिहायच्या. पाणी कधी येणार नाही, लिफ्टचं काम कधी, सभा कधी, कोणाच्या घरी वाईट घडलं. हेंद्रेपाड्यात आम्ही राहायला आलो तेव्हा हे काम सेक्रेटरी करायचा आणि त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एकदा टाकी धुण्याची सूचना त्याने अशी लिहिली की पाणी गेलं तेव्हा अर्धी इमारत डोक्याला साबण लावून बसली होती. मला राहवलं नाही. मी फडकं घेतलं, पुसलं आणि सगळं नव्याने लिहिलं. त्याने खडूचा डबाच माझ्या हातात दिला आणि स्वतः सुटला.

अक्षर हा माझा जुना रोग आहे. अंबरनाथला कामगारांच्या वस्तीत वाढलो, तिथे एप्रिल जवळ आला की जयंतीचे कापडी फलक रंगवायला आम्ही पोरं ओट्यावर बसायचो. निळ्या कापडावर पांढरी अक्षरं. माझी अक्षरं सरळ येतात हे मोठ्यांच्या लक्षात आलं आणि पुढे दर वर्षी फलक माझ्याकडेच आले. नोकरीही तशीच लागली, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. नकाशावरची सगळी अक्षरं तेव्हा हाताने लिहायची. मग कॉम्प्युटर आला आणि माझ्या हाताला काही कामच उरलं नाही. पुढची सगळी वर्षं मी माऊस हलवला, पगार घेतला आणि निवृत्त झालो. ऑफिसातल्या नव्या मुलांना माझं हस्ताक्षर दिसलंच तर ती विचारायची, हा फॉन्ट कुठला?

निवृत्त झालो त्याच वर्षी बायको गेली. मुलगी बंगळुरूला असते, रविवारी फोनवर दिसते, 'जेवलात का' विचारते, मी 'हो' म्हणतो. बाकी आठवडाभर घरात आवाज असतो तो फ्रिजचा. भाजीवाल्याशी बोलायला गेलो की आधी घसा साफ करावा लागायचा, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय, लोक कीर्तनाला नाहीतर लाफ्टर क्लबला जायला सांगतात.

म्हणून मी फळा मनावर घेतला. खडू आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवला की रेघ ठसठशीत उमटते, हे मला वस्तीतल्या एका पेंटरने शिकवलं होतं. सकाळचा चहा झाला की मी खाली उतरायचो आणि तासभर रमायचो. 'शुक्रवारी पाणी येणार नाही' एवढंच लिहायचं असलं तरी त्याला वेलबुट्टीची चौकट काढायचो. चौकटीसाठी महिन्यातून एकदा अंबरनाथला शिवमंदिरात जायचो. आत मी कधी गेलो नाही. माझं काम बाहेरच्या भिंतींशी. तिथल्या दगडात एकावर एक कोरलेले पट्टे आहेत, त्यातला एखादा डोळ्यात भरून घ्यायचा आणि घरी येऊन खडूने उतरवायचा. नदीचं पाणी आवारात शिरलं त्या पावसाळ्यात फळ्याचा खालचा अर्धा भाग धुऊन गेला होता, तर वरच्या अर्ध्यात सूचना बसवली आणि चौकट तीन बाजूंनीच काढली. मला ती आवडली होती.

वाचत कोण होतं? कोणी नाही. सूचना आधीच ग्रुपवर आलेली असायची. लोक मोबाइलकडे बघत लिफ्टमध्ये शिरायचे आणि मोबाइलकडे बघत बाहेर पडायचे. एकदा मी मुद्दाम 'शुक्रवारी पाणी येणार नाही' याऐवजी 'शुक्रवारी दूध येणार' असं लिहिलं. दिवसभर फळ्यावर तसंच राहिलं. एकाने फक्त खाली सायकल टेकवली. मला संताप आला, आणि संतापापेक्षा वाईट म्हणजे रडू आलं. मीच ते पुसलं.

तिसऱ्या मजल्यावरची दादी तेवढी थांबायची. सगळी इमारत त्या म्हाताऱ्या सिंधी बाईंना दादीच म्हणते. उल्हासनगरच्या कॅम्पात आयुष्य गेलं, मुलाने इकडे फ्लॅट घेतला, मग मुलगा दुबईला गेला आणि त्या एकट्या राहिल्या. लिफ्टची त्यांना भीती, म्हणून जिन्यानेच ये-जा. सकाळी दूध घेऊन आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आणि फळ्यासमोर उभ्या राहायच्या. चांगला वेळ घेऊन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी वरून जिन्याच्या कठड्याआडून बघायचो. लाज वाटायची, पण बघायचो. हळूहळू मी त्यांच्यासाठीच लिहू लागलो. एखादी चौकट जमली की वाटायचं, उद्या दादी बघतील. माझा दिवस त्या दोन मिनिटांवर निघायचा.

मग सभा झाली. ऑनलाइन मागवलेली पार्सलं ठेवायला जागा नाही, जिन्याखाली लोखंडी रॅक लावू, तो फळा तसाही कोण वाचतं, असं एक जण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. माझी एवढीच इच्छा होती की कोणीतरी म्हणावं, राहू द्या हो, काका छान लिहितात. रॅक खुशाल लावा, पण हे एक वाक्य बोला. सभा संपली, बिस्किटं वाटली गेली आणि लोक घरी गेले.

दादी सभेला नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी तिसरा मजला चढलो. मनात होतं की त्यांनी सेक्रेटरीकडे एक शब्द टाकला तर फळा वाचेल. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. त्यांनी पाणी दिलं, पापड दिला. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "दादी, आप तो रोज पढती हो. आप बोलो ना उनको."

त्या हसल्या. "मैं कहाँ पढती हूँ, भाऊ? मेरे को ये अक्षर आते ही नहीं. हम लोग सिंधी पढे, वो भी चार किताब. हमारी लिखाई तो इधर से उधर जाती है." असं म्हणून त्यांनी हवेत उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं.

"तो रोज खडी क्यूँ रहती हो?"

"देखती हूँ, आज लिखा है के नहीं. लिखा है तो समझो भाऊ ठीक है. आप भी अकेले, मैं भी अकेली."

मी पापड खाली ठेवला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. त्या मायेने बोलत होत्या आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, म्हणजे एकसुद्धा वाचणारा नव्हता. मी दगडातले पट्टे उतरवत होतो आणि बाई फक्त माझी हजेरी घेत होत्या. धड निरोपसुद्धा न घेता मी खाली आलो.

पुढच्या आठवड्यात भिंतीला पिवळा रंग लागला आणि रॅक आला. मी खडूचा डबा माळ्यावर टाकला. सकाळी चहा झाला की काय करायचं ते कळेना. दोनदा पायात चपला घालून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. शिवमंदिराकडे फिरकलो नाही. मुलीला फोनवर 'मजेत' म्हणालो.

एका सकाळी दार उघडलं तर दादी दुधाची पिशवी घेऊन माझ्या मजल्यावर उभ्या. "अब मेरे को कैसे पता चलेगा?" त्यांनी विचारलं.

"बेल बजाओ ना," मी म्हणालो, थोडं तिरसटपणेच.

"रोज बजाऊँगी तो आप चिढोगे."

चिडलो असतोच. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. त्याच दिवशी स्टेशनकडच्या दुकानातून एक लाकडी फळी आणली, काळा रंग दिला आणि दाराशेजारी टांगली. सूचना आता माझ्याकडे नव्हत्या, म्हणून घरात काय शिजवलं ते लिहू लागलो. आज वांगं. आज दोडका, जरा करपला. दादी येता-जाता बघायच्या, कधी विचारायच्या, "आज क्या है?" मी दारातूनच वाचून दाखवायचो. करपलेल्या दोडक्याला त्या खूप हसल्या. त्यांना वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी हात काही घाईचं लिहायला तयार नव्हता. खडू पुन्हा भिजत पडू लागले. एकदा शिवमंदिरालाही जाऊन आलो.

गेल्या पावसाळ्यानंतर मला ताप आला. आदल्या दिवसापासून काही शिजवलं नव्हतं, उभं राहिलं की भोवळ यायची. पण फळी कोरी दिसली तर म्हातारी बाई घाबरेल, म्हणून कसाबसा उठलो, भिंतीला टेकून 'आज पिठलं' लिहिलं, चौकटसुद्धा काढली आणि जाऊन पडलो. झालं, आजची हजेरी लागली, असं मनाशी म्हटलं.

बेल वाजली. वाजतच राहिली. दार उघडलं तर दादी.

"तबियत खराब है," त्या म्हणाल्या. त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

"नहीं, नहीं. लिखा तो है. आज पिठला बनाया."

"लिखा है," त्या म्हणाल्या आणि फळीवर, अक्षरांच्या डोक्यावरून, न टेकवता बोट नेलं. "ये ऊपर की लकीर. रोज आप एक झटके में खींचते हो, इधर से उधर. आज बीच बीच में हाथ उठाया है."

मी पाहिलं. लिहिताना मला कळलंही नव्हतं. रेघ तीन ठिकाणी तुटली होती, आणि जोडाजोड इतकी बारीक होती की ड्रॉइंग ऑफिसातल्या माझ्या साहेबांनाही ती दिसली नसती.

"थोडा बुखार है," मी कबूल केलं.

"थोडा नहीं है. खिचडी लाती हूँ, दरवाजा बंद मत करना," असं म्हणून त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी दारात उभा राहून रडत होतो. मग दार तसंच उघडं ठेवलं आणि आत जाऊन पडलो.