खड्डा आला, पोट धरा!

"खड्डा आला, पोट धरा!"

अलिबागहून रेवसकडे सकाळी साडेनवाच्या मिनिडोरने, म्हणजे आमच्या सहा सीटांच्या टमटमने, तुम्ही कधी गेला असाल, तर ही आरोळी तुम्ही नक्की ऐकली असेल. गाडीत एखादी पोटुशी बाई असली की मिनिडोरवाल्या काकांचा हा हुकूम सगळ्यांना लागू व्हायचा. बाई असो की बाप्या, प्रत्येकाने आपापलं पोट धरायचं. तलाठी ऑफिसातले भाऊसाहेबही निमूटपणे धरायचे. त्यांना धरायला भरपूर होतं म्हणा.

मी रेवसच्या अलीकडच्या एका शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी काकांच्या गाडीतली पोटुशी बाई मी होते, त्यामुळे पाच-सहा महिने अख्खी गाडी माझ्यामुळे पोट धरून बसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काका साठीच्या घरातले. अंगावर खाकी शर्ट, खांद्यावर तेलकट पिवळं फडकं आणि समोर भलामोठा आरसा. त्या आरशात त्यांना मागचा रस्ता दिसत नसे, मागची माणसं दिसत. पुढच्या रस्त्याकडे ते अधूनमधून बघायचे, पाहुण्याला 'बसा हं' म्हणावं तसं.

गरोदरपणाबद्दल त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं माझ्या सासूबाईंनाही नव्हतं. मी एकदा विचारलंसुद्धा, "काका, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मागच्या सीटनं," काका म्हणाले. "तीस वर्षं बायका मागं बसून बोलतात, मी पुढं बसून ऐकतोय. कान बंद करायची सोय न्हाय ना या गाडीत."

पाचवा महिना संपत आला तसे त्यांचे अंदाज सुरू झाले. वेधशाळेने पावसाचे द्यावेत तसे, पण यांचे खरे व्हायचे.

"बाई, या आठवड्यात पोटऱ्यांत गोळे येतील." आले. मी फळ्यावर वर्तुळ काढता काढता किंचाळले आणि आठवीच्या वर्गाला वाटलं, त्रिज्या चुकली.

"आता छातीत जळजळेल. तिखट कमी करा." जळजळलं. "चपला घट्ट होतील." झाल्या. शेवटी मी ह्यांच्या चपला घालून शाळेत जायला लागले. "विसरायला व्हईल," ते म्हणाले, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "काका, मी गणिताची बाई आहे. मी काही विसरत नाही." आणि गाडीतून उतरताना पर्स, डबा आणि सहामाहीच्या तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा तिथेच विसरले.

डोहाळ्यांचं तर विचारूच नका. लोकांना चिंचा लागतात, बोरं लागतात. मला काकांच्या गाडीचा वास लागला. डिझेल, सुकट आणि सकाळची उदबत्ती यांचा तो मिळून एक वास होता. सुट्टीच्या दिवशी मला त्याची इतकी आठवण यायची की रडू यायचं. हे ऐकून काका काळजीत पडले. "हुंगा हवा तितका," ते म्हणाले, "पण कुठं चाटू बिटू नका, बाई."

माझी जागा ठरलेली होती. मधली सीट, मधोमध. एका बाजूला बोंबीलवाली मावशी, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब. "दोन्हीकडनं उश्या पाहिजेत," असं काकांचं म्हणणं. भाऊसाहेबांना आपण उशी आहोत हे आवडायचं नाही, पण मिनिडोर भरल्याशिवाय सुटत नाही आणि काका ऐकल्याशिवाय सोडत नाहीत, हे ते जाणून होते.

एवढं सगळं हसणं-खिदळणं चालायचं, पण आतून मी घाबरलेले होते. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यातच माझं पहिलं बाळ गेलं होतं. ते हलायला लागलं होतं आणि एके दिवशी हलायचं थांबलं. आता हे दुसरं. पाचवा संपला, सहावा लागला, तरी ह्याची हालचाल मला अजून एकदाही कळली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं होतं, "बाळ छान आहे, ठोके छान आहेत. वार पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे लाथा उशिरा कळतील. मधे गादी आहे समजा." मला सगळं समजलं. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. पडद्यावर दिसणाऱ्या ठोक्यांनी माझं समाधान होत नव्हतं. मला आतून उत्तर हवं होतं.

त्यात जो भेटेल तो विचारायचा, "काय, हललं का?" सासूबाई विचारायच्या, शेजारीण विचारायची. हे उरणला नोकरीला, आठवड्याने यायचे, पण फोनवर रोज तोच प्रश्न. शेवटी कंटाळून मी सगळ्यांना ठोकून दिलं, "हो, हललं. चांगल्या लाथा मारतंय." सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आता मला देवाकडे बघायचीही चोरी झाली.

एके दिवशी गाडीत फक्त मी आणि काका. बाकीच्या सीटा भरायच्या होत्या. काका आरशात बघत म्हणाले, "बाई, तुमचं अजून हललेलं न्हाय."

मी चरकले. "कोण म्हणतं?"

"हललेल्या बायका बोलता बोलता मधीच थांबतात. आणि हात आपोआप पोटावर जातो. तुमचा जात न्हाय. मी सांगितल्यावरच जातो."

मग माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. पहिलं, दुसरं, साखर, सगळं. काकांनी खांद्यावरचं फडकं पुढे केलं. त्याने डोळे पुसले तर माझं काजळ कुठलं आणि त्यांचं ऑइल कुठलं हे कुणाला सांगता आलं नसतं.

बराच वेळ ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. मग एकदम ताठ झाले.

"बाई, चूक माझी हाय."

"तुमची कशी?"

"पाळण्यातलं पोर कधी उठतं? पाळणा थांबला की! माझी गाडी म्हंजे पाळणा. तुम्ही गाडीत बसता, ते झोपतं. शाळेत तुम्ही उभ्या, चालत्या, ते झोपतं. घरी गेल्यावर तुम्ही स्वतःच झोपता. मग त्यानं सांगावं कधी आणि कुणाला?"

मी गणिताची बाई. पायऱ्या तपासून पाहिल्या, चूक सापडली नाही. पुढे डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्याही म्हणाल्या की आई चालतफिरत असली की बाळं झोपतात, आई स्वस्थ पडली की जागी होतात. काकांना मात्र हे डिग्रीशिवाय सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या खाजणाजवळ, वडाखाली त्यांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं? पंक्चर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"न्हाय. पोर उठवायचंय. पाच मिनिटं कुणी बोलायचं न्हाय."

"अहो, मला ऑफिसात सही करायची आहे!"

"भाऊसाहेब, तुमची सही रोजची हाय. गप बसा."

सहा माणसं श्वास रोखून माझ्या पोटाकडे बघत होती. मी धरणीमाते पोटात घे म्हणत होते. पण पोटात आधीच कोणीतरी होतं. आणि अचानक खरंच गुडगुडलं! डावीकडून उजवीकडे काहीतरी सरकलं.

"हललं!" मी ओरडले.

मावशीने माझ्या पोटाला कान लावला. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजतात. आदल्या संध्याकाळी शेजारच्या वाडीत लावली होती आणि मी दोघांचं म्हणून चौघांचं खाल्लं होतं.

"पोपटी खाल्लीस काय गो?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग हा वाल बोलतोय."

सगळी गाडी हसली. मीही हसले. काका हसले नाहीत. "आज न्हाय तर उद्या," एवढंच म्हणाले.

उद्याही काही झालं नाही. मधेच भाऊसाहेबांचा मोबाइल आरती गाऊ लागला आणि काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो बंद करून पायमोज्यात खुपसला.

तिसऱ्या दिवशी मी स्टँडवरच हात जोडले. "काका, आज नका थांबवू. आज पण नाही झालं तर मला नाही सोसणार."

"बरं," काका म्हणाले आणि वडाखाली गाडी थांबवली. माणूस असा!

गाडी शांत झाली. खाजणात एक बगळा उभा होता, तोही आमच्याकडे बघत होता. मावशीची बर्फाची टोपली तिच्या मांडीवरून सरकून माझ्या उजव्या कुशीला टेकली. गार लागलं म्हणून मी अंग चोरलं, आणि त्याच क्षणी आतून कोणीतरी त्या टोपलीला लाथ मारली.

लाथच. वाल नव्हे. वाल पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी मारत नाही. एक. मग दुसरी. मग तिसरी, जरा रागाने.

मी मावशीचा हात धरून तिथे ठेवला. मावशीने डोळे मोठे केले. "अगो बाय माझे! माझ्या बोंबलांना लाथ मारतंय!"

"दहा वाजून सात मिनिटं," भाऊसाहेब घड्याळ बघून म्हणाले. सरकारी माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? पण त्यांचा आवाज फाटला होता.

मी हसत होते की रडत होते मला कळत नव्हतं. आरशात काका दिसत होते. ते वळले नाहीत. फडक्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, सगळं तोंड काळं करून घेतलं. मग एक लांबलचक हॉर्न दिला, बगळा उडाला, आणि गाडी सुरू केली.

आणि पुढच्याच खड्ड्यात ती दाणकन आदळली. सगळ्यांची डोकी टपाला लागली. तीस वर्षांत पहिल्यांदा काका ओरडायला विसरले होते.

"काका, पोट!" आम्ही सगळे ओरडलो.

"आता ते धरून बसलंय," काका म्हणाले. "ते सोडणार न्हाय."

त्याने सोडलं नाही. मुलगी झाली. तिला पहिल्यांदा गाडीत घेऊन गेले तेव्हा ती शाळेपर्यंत झोपली आणि इंजिन बंद करताच टक्क जागी झाली. काकांनी आरशातून सगळ्यांवर नजर फिरवली. "सांगितलं होतं ना?" मग महिनाभर ते प्रत्येक नव्या पॅसेंजरला तिची ओळख करून द्यायचे, "ही माझ्या गाडीत उठली."

पुढे रस्ता झाला. चांगला, गुळगुळीत. लोक खूश, काका हिरमुसले. दोन दिवस गप्प गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी वडाच्या पुढे आलो तसे ते ओरडले, "इथं खड्डा होता, पोट धरा!" आणि आम्ही धरलं. काय करणार? सवय.

मागच्या वैशाखात काका गेले. दुपारी स्टँडवर, स्वतःच्या सीटवर, फडकं तोंडावर घेऊन. पाच सीटा भरल्या होत्या, सहाव्याची वाट बघत होते. पॅसेंजरना वाटलं, डुलकी लागलीय. कोणी उठवलं नाही. मला ते कळलं तेव्हा मी वर्गात होते. खडू खाली ठेवला आणि मुलांसमोर ढसाढसा रडले.

आता ती गाडी दुसरा एक माणूस चालवतो. नवीन आहे, चांगला आहे, आरशात मागचा रस्ता बघतो. परवा मी, मांडीवर झोपलेली माझी मुलगी, मावशी, भाऊसाहेब, असे जुने सगळे एकाच फेरीला आलो. वड मागे पडला. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती.

ड्रायव्हरने आरसा जरा खाली केला. पुन्हा बघितलं. मग काळजीने विचारलं, "काय झालं? सगळ्यांच्याच पोटात दुखतंय काय?"

मी खाली पाहिलं. माझा हात पोटावर होता. भाऊसाहेबांचे दोन्ही. मावशीने एका हाताने टोपली धरली होती आणि दुसऱ्याने पोट.

"न्हाय रे बाबा," मावशी म्हणाली. "खड्डा आला."