भिंतीवरचा हात

मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझी पत्नी शांता वारली. मी शाळेत निरोप पाठवला. तेरावा झाल्यावर पुन्हा शिकवायला जाऊ लागलो.

तीन महिन्यांनी, भाद्रपद लागता लागता, तिच्या आईचे कार्ड आले. कोणाकडून तरी लिहून घेतले होते. ‘महालक्ष्म्यांआधी येऊन जा. तिचा हात पाहून जा.’

हात म्हणजे काय, ते मला ठाऊक होते. आमच्या वऱ्हाडात सासरी निघालेली मुलगी हळद-कुंकवात हात बुडवून माहेरच्या भिंतीवर ठसा उमटवते. शांताने तो उमटवला, त्याला नऊ वर्षे झाली होती.

अमरावतीहून बडनेऱ्याला आलो आणि तिथून पॅसेंजरने अकोल्याला. रुळांच्या दोन्ही अंगांना कपाशी गुडघ्यापर्यंत आली होती. डब्यातल्या एका बाईंनी उकडलेल्या मुगाच्या शेंगा पुढे केल्या. “खा नं मास्तर, घरच्या हायेत,” त्या म्हणाल्या. मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखले, ते विचारायचे राहून गेले.

अकोल्याहून बसने बाळापूरला पोचलो. किल्ल्याखालच्या नदीला गढूळ पाणी होते. पुढे तीन मैल बैलगाडी. नाल्यापाशी गाडी रुतली, मी उतरलो आणि माझी एक वहाण काळ्या चिखलात गेली ती वर आलीच नाही. गाडीवान म्हणाला, “दुसरीही टाकून द्या. एकीचं काय करान?” तीही टाकली. सासुरवाडीला अनवाणी पोचलो.

सासूबाईंनी पायांवर पाणी घातले. आंबाडीची भाजी, भाकर आणि ठेचा वाढला. मग मला मधल्या खोलीत नेले. तिथे शांताची भावजय दोन गोधड्या पांघरून हिवतापाने कुडकुडत होती. तिला सहावा महिना होता. तिच्या उशाशी भिंतीवर तो हात होता. हळद उडून गेली होती, कुंकवाचा फिका रंग राहिला होता. भोवतीने दरवर्षी महालक्ष्म्यांच्या सणाआधी पांढऱ्या मातीचा पोतारा फिरे. त्याची कड वर्षावर्षाने आत सरकली होती. अंगठा त्याखाली गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीडीटीची फवारणी करणारे गावात आले. पाठीवर पंप असलेला एक मध्यमवयीन माणूस दारात थांबला. चौकटीवर त्याच्याच हातची मागच्या फवारणीची तारीख होती. आतल्या पांढऱ्याशुभ्र भिंती पाहून तो म्हणाला, “मावशी, मागच्या बारीले औषध मारून गेलो, अन् तुमी वरून पोतारलं.”

“घर माहं, भिंत माही,” सासूबाई म्हणाल्या. “दोन दिवसात पोतारलं. तुमच्या औषधाचे डाग कावून ठेवू? आज सरकार भिंतीचं सांगते, उद्या चुलीचं सांगन.”

“चुलीत डास बसत नाही, मावशी.”

सासूबाई त्याच्यापुढे मधल्या खोलीत गेल्या आणि खुंटीवरचे सूप काढून त्यांनी ठशावर धरले. “बाकीचं मार. एवढं सोड.”

“वीतभर सोडलं त डास तिथंच येऊन बसन. अन् साहेब मले विचारन.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “जवाईबापू, तुमी सांगा. बायको तुमची होती.”

मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो. आपले स्वातंत्र्य कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, ते फळ्यावर रेघ ओढून दाखवतो. तिथे मला ती रेघ ओढता येईना.

गोधडीतून वहिनींचा आवाज आला. “आई, त्या भिंतीपाशी मी निजते.”

एवढेच. मी त्या माणसाला विचारले, “औषधाने ठसा पुसेल का?”

“नाही पुसत, गुरुजी. धूळ बसते वरून. पुसते तो तुमचा पोतारा.”

सासूबाईंनी सूप जरा सरकवून बुडालेल्या अंगठ्याच्या जागेवर बोट फिरवले. मग त्यांनी सूप खाली घेतले. वहिनींना आम्ही ओसरीवर आणले. पंपाचा फवारा भिंतीवर आला, भिंत ओली झाली आणि चारही बोटे गडद तांबडी दिसली. नऊ वर्षांपूर्वी दिसली होती तशी. वाळल्यावर त्यांवर पांढुरकी भुकटी बसली.

“आता भिंतीले हात नाही लावाचा,” तो चौकटीवर तारीख लिहीत म्हणाला.

“अन् महालक्ष्म्या?”

“जमीन सारवा. भिंतीवरून त्या रागावत नाहीत.”

“तुले सांगून गेल्या काय?” सासूबाई म्हणाल्या, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. त्याला त्यांनी चहा दिला.

परतीच्या गाडीत मी अकोल्यात घेतलेल्या नव्या वहाणा घालून बसलो होतो. खिडकीबाहेर तीच कपाशी होती. मन बऱ्यापैकी शांत होते. हात राखायचा म्हणून आपणच दरवर्षी त्याची कड खात होतो, आणि पोतारा थांबला तो परक्याच्या हुकमाने, हे पुन्हा पुन्हा मनात येत होते.

दिवाळीनंतर कार्ड आले. वहिनींचा ताप उतरला आहे. सणाला फक्त जमीन सारवली.

भिंतीवर चार बोटे आहेत.