दोऱ्याएवढी रक्तवाहिनी

नोकरीत पुष्कळ तपास केले, पण भाट्ये गावच्या त्या म्हाताऱ्याचा कबुलीजबाब अजून मनातून जात नाही.

सकाळी ठाण्यात फोन आला. एक बाई धापा टाकत सांगत होती, "शेजारच्या म्हाताऱ्यानं बायकोचा गळा दाबलाय. मी दारातून बघितलंय." आम्ही पोचलो तेव्हा तो बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या मानेवर लाल वळ होते.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली. पंचनामा करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. जन्मभर मासेमारी केलेला माणूस.

"काय झालं?" मी विचारलं.

"मीच मारलंय तिला, साहेब."

हवालदार लिहू लागले, त्यांना मी थांबवलं. पहिल्याच प्रश्नाला खून कबूल करणाऱ्याला मी आधी चहा द्यायचो. चहा झाल्यावर म्हटलं, "आता सकाळपासूनचं सांगा."

"उठली तीच भोवंड येते म्हणाली. एकाचे दोन दिसत होते. मान ठणकतेय, जरा चोळा, असं सांगितलान. माझे हात जाळी ओढून दगड झालेले. जोर जास्त झाला असणार. चोळता चोळता मान टाकलीन."

दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. "गळा दाबलेला नाही. मानेच्या स्नायूंत कुठे रक्त साकळलेलं नाही, गळ्याचं हाडही शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या जातात. हिची उजवी जन्मापासूनच दोऱ्याएवढी. असं क्वचित दिसतं. सगळा भार डावीवर होता आणि तिच्यात रक्ताची गाठ अडकली."

"चोळल्यामुळे?"

"नाही. गाठ काही दिवसांपासून धरत होती, आज वाट पुरती बंद झाली."

मी हे सांगितलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "एवढा संसार एकाच शिरेवर केलान?" आणि पहिल्यांदा रडला.

सावरल्यावर त्यानं एकच मागणं केलं. "मुलगी मुंबईहून येतेय. तिला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून खरं वाटायचं नाही."

संध्याकाळी मुलीला मी सगळं समजावलं. ती बापाजवळ जाऊन बसली.

शेजारणीला मी बोल लावला नाही. तिनं बघितलं तेच सांगितलं होतं. म्हाताराही खोटं बोलत नव्हता. गुन्हेगाराची कबुली आणि दुःखात बुडालेल्या माणसाची कबुली कानाला सारखीच लागते, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कुणी "मीच केलं" म्हणालं, की मी आधी विचारायचो, "गेलेलं माणूस तुमचं कोण होतं?"