लग्नपत्रिकांच्या पाठीवरचा युरोप

आमच्या ह्यांचं नाव सुग्रीव. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात, पण मागच्या दोन महिन्यांत मी ते इतक्या वेळा आन इतक्या रागानं घेतलंय की आता लाज उरली न्हाई. बाई गं, माणूस किती डोकं खाऊ शकतो, ते आमच्या घरी येऊन बघावं.

दिंद्रुडला आमचं घर. ह्यांचा धंदा दोरखंडाचा. दावी, कासरे, बैलाच्या तोंडाची मुस्की, घुंगरमाळा. चाळीस वर्षं आठवडी बाजार केलेत. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरं. बाजार नऊला भरत असंल तर हे साडेपाचला तिथं ताडपत्री अंथरून बसलेले. कावून, तर जागा जाती. कुणाची हिंमत हाय ह्यांची जागा घ्यायची? तिथं तवा झाडूवाला बी आलेला नसतो. लग्नाला गेलो तर मांडव घालणाऱ्यांच्या आधी आमी. माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नात नवरीच्या आईनं मला विचारलं, ‘तुमी कालच आलतात का?’

अशा माणसाच्या हातात परदेशाची सहल आली.

आमची एकुलती एक लेक सुकन्या जर्मनीत नर्स हाय, श्टुटगार्ट म्हणून गाव हाय तिथं. दोन वर्षं झाली. तिनं औंदा दोघांची विमानाची तिकिटं काढली, दिवाळी झाली की बारा दिवस. वर रेल्वेचा पास, पाच दिवसांचा. पाच दिवस कुठंबी, कोणत्याबी गाडीत बसा. श्टुटगार्टहून म्युनिक, तिथून स्वित्झर्लंडमधलं कूर, मंग पलीकडं इटलीत मिलान आन व्हेनिस. तिला सुट्टी शेवटच्या चारच दिवसांची, म्हणून ती व्हेनिसला येऊन गाठणार. तवर आमी दोघंच. ती म्हणली, आई, तिथं सगळं लिहिलेलं असतं, आन फोनवर मी हायेच.

मला म्युनिक नको, व्हेनिस नको. मला एकच गोष्ट पाहिजे होती. माझ्याकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा हाय, सुई-दोरा आन बटणं ठेवायचा. सुकन्या बालवाडीत असतानाचा. त्याच्या झाकणावर चित्र हाय. उंच दगडी पूल, पुलाला वळण, वळणावर लाल गाडी, आन गाडीचं तोंड समोरच्या डोंगराच्या भोकात शिरलेलं. पंचवीस वर्षं मी त्या झाकणाकडं बघत बटणं लावली. ह्यांना विचारलं होतं, खरं असंल का हो हे? तर म्हणले, चितारलेलं हाय, असा पूल कोण बांधतंय. दोन वर्षांमागं सुकन्यानं फोनवर तोच पूल दाखवला. तोच. लाल गाडीसकट. म्हणली, आई, वळण असल्यानं आपल्याच गाडीचं तोंड आपल्याला खिडकीतून दिसतं. तवापासून मी कुणाला बोलले न्हाई, पण मनात धरलं, की मरायच्या आधी त्या खिडकीत बसायचं.

रेल्वेत आमी दोघं उभ्या आयुष्यात एकदाच बसलोत. सुकन्या सहा महिन्यांची असताना, हैदराबादला माझ्या भावाकडं जाताना. येताना बसनं आलो, आन त्यानंतर कुठंबी जायचं तर बसच. ते कावून, ते पुढं सांगते. आधी ह्यांचे प्रताप ऐका.

आमच्या घरात वही आणायची म्हणलं की ह्यांच्या पोटात दुखतं. बाजारातल्या माणसाला वर्षाला दोनेकशे लग्नपत्रिका येतात, आन हे त्या साठवतात, कारण मागची बाजू कोरी असती. तर अख्खा युरोप ह्यांनी लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिला. चि. आदिनाथ आन चि. सौ. कां. मोहिनीच्या मागं म्युनिक. कुण्या लखनच्या मागं मिलान. व्हेनिसला तर जावळाचं आमंत्रण लागलं. माजलगावला मुजाहिदचं झेरॉक्सचं दुकान हाय, तिथं जाऊन गाड्यांची वेळापत्रकं छापून आणायची आन ती बघून पत्रिकेवर उतरवायची. अकरा वेळा गेले. बाराव्यांदा मुजाहिदनंच मला फोन केला. म्हणला, चाची, मी चाचांना किती समजून सांगितलं, की तिथं दर तासाला गाडी हाय, एक सुटली तर दुसरी येती. तर ते म्हणतात, आन ती बी सुटली तर?

मंग नियम निघाले. पहिला नियम, गाडी उभी असली तरी खाली उतरायचं न्हाई, कुणीच. दुसरा, पाणी घरून न्यायचं, पाच लिटरचा कॅन. मी म्हणलं, अवं, विमानात पाणी नेऊ देत न्हाईत. तर म्हणले, रिकामा नेऊ, तिथं सुकन्याच्या घरी भरू. पाच लिटरचा कॅन घेऊन मी स्वित्झर्लंड बघायचं.

तिसऱ्या नियमानं मात्र माझं टाळकंच सरकलं. ह्यांनी मुस्कीच्या दोऱ्यानं विणून दोन पिशव्या केल्या, गळ्यात घालायच्या. एकीत ह्यांचा पासपोर्ट, ह्यांचं तिकीट. दुसरीत माझा पासपोर्ट, माझं तिकीट, सुकन्याचा पत्ता जर्मन अक्षरात, तिचा नंबर मोठ्या आकड्यात, आन थोडे तिकडचे पैसे. हे गळ्यातून काढायचं न्हाई, झोपताना बी न्हाई. मी विचारलं, मी काय जत्रंत हरवणारं लेकरू हाय? का मला वेगळं काढायलाव ह्या वयात? तर ह्यांनी नुसती दोऱ्याची गाठ ओढून बघितली.

वर एक दिवस मला अंगणात उभं केलं. हातात बॅग दिली आन म्हणले, लिंबापासून ओट्यापर्यंत ये. मी आले. तर हे मोबाईलवर वेळ लावून बसलेले. म्हणले, दोन मिनिटं चाळीस सेकंद, आन ओट्याची पायरी चढायला अजून वीस. शेजारची भिवराबाई कुडावरून बघायली होती. तिनं विचारलं, बायडाबाई, शंकरपटाच्या शर्यतीला जायलीस का काय? मला तर वाटलं, बॅग ह्यांच्या डोक्यात घालावी.

एवढं बी मी सोसलं. पण मागल्या आठवड्यात आदिनाथ-मोहिनीची पत्रिका माझ्या हाताला लागली. म्युनिकहून कूर, कूरहून पूल. मधी दोन ठिकाणी गाडी बदलायची. सुकन्यानं सांगितलेल्या गाड्यांनी गेलं तर एका ठिकाणी बदलायला सात मिनिटं, दुसऱ्या ठिकाणी आठ, आन पूल दुपारी दोनला, कडक उन्हात. ह्यांनी काय केलं होतं? दोन्ही ठिकाणी तीन-तीन तास. स्टेशनावर बसून राहायचं. म्हणजे पूल संध्याकाळी साडेसात-आठला. तिकडं दिवाळीनंतर पाचलाच दिवस मावळतो.

मी दोनदा वाचलं. पंचवीस वर्षं ज्या पुलाकडं बघत बटणं लावली, तो पूल मी अंधारात ओलांडायचा. खिडकीत मला माझंच थोबाड दिसणार.

मी म्हणलं, वाटेत एक मुक्काम करू. तर म्हणले, पास पाच दिवसांचा, दिवस बसत न्हाई. म्हणलं, मंग मिलान काढा. तर म्हणले, तिथली खोली सुकन्यानं धरलीय. मंग तीन तास कमी करा की. तर नुसती मान हलवली. सुकन्याला फोन लावला. ती बिचारी ड्युटीवरून आलेली, तिनं एका हातानं जेवत जेवत समजावलं. बाबा, एकच फलाट असतो, समोरून उतरायचं, समोर चढायचं, म्हातारी माणसं काठी टेकत बदलतात. हे ऐकून घेतात, हो हो म्हणतात, आन फोन ठेवला की तीन तास. एक तास करा म्हणलं, न्हाई. दोन करा, न्हाई. चाळीस वर्षं बाजारात दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस, बायकोला एक तास सोडंना.

मंग मी सांगून टाकलं, की मला यायचं न्हाई. तुमी जा, तुमचा कॅन घेऊन जा, फलाटावर ताडपत्री अंथरून बसा. माझं तिकीट रद्द करा. आन मी खरंच ठरवलं होतं. बॅगेतलं स्वेटर काढून कपाटात ठेवलं. दोन दिवस आमी एकमेकांशी बोललो न्हाई. मी ह्यांचं ताट वाढायचे आन आत जायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवायची होती. कागद शोधायले तर ओट्यावर त्या पत्रिका दिसल्या, रबर लावून ठेवलेल्या. मनात म्हणलं, चला, युरोपानं पाणी तापवू. दोन चुलीत घातल्या बी. तिसरी आदिनाथ-मोहिनीची. घालताना शेवटचं एकदा बघितलं, रागच यावा म्हणून.

जिथं गाडी बदलायची त्या पहिल्या स्टेशनाच्या नावापुढं ह्यांनी कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘विकाराबाद’. दुसऱ्या स्टेशनापुढं बी तेच, ‘विकाराबाद’. आन खाली रेघ मारून, ‘विकाराबाद होऊ द्यायचं न्हाई.’

मी तिथंच चुलीपाशी बसले.

हैदराबादला जाताना विकाराबादला गाडी थांबलती. उन्हाळा होता. सुकन्या माझ्या मांडीवर, रडून रडून लाल झालेली. हे तांब्या घेऊन पाण्याला उतरले आन गाडी सुटली. दोघांची तिकिटं ह्यांच्या खिशात, पैसे ह्यांच्या खिशात, भावाचा पत्ता ह्यांच्या खिशात. माझं वय बावीस. आजूबाजूला सगळे तेलगू बोलणारे. हैदराबादला मी लेकराला घेऊन एका खांबाला टेकून बसले ते पाच तास, दुसऱ्या गाडीनं हे येईस्तोवर. ह्यांना बघितलं आन माझ्या तोंडून जे निघालं ते सगळ्या फलाटानं ऐकलं. शेवटी म्हणलं, तुमच्या भरवशावर रेल्वेत पुन्हा पाय ठेवणार न्हाई, मेले तरी. मागं कावून राहिले, ते ह्यांनी कधी सांगितलं न्हाई. मी बी नंतर कधी विचारलं न्हाई. मी मनात धरलं होतं, थांबले आसतील चहा पीत, मारत बसले आसतील गप्पा. एकतीस वर्षं तेच धरून बसले.

पत्रिका हातात घेऊन मी बाहेर आले. हे अंगणात कासरा वळायले होते. मी पत्रिका समोर धरली आन विचारलं, हे काय हाय.

ह्यांनी कासऱ्याचा पीळ आवळला. मंग म्हणले, “नळाला पाणी बारीक होतं. करंगळीएवढी धार. अर्धा तांब्या झाला आन शिट्टी वाजली. तवाच पळालो आसतो तर गाडी गाठली आसती.”

“मंग पळाला कावून न्हाईत?”

“तू खिडकीतून सांगितलंतं, भरून आणा म्हणून. अर्धा आणू नका, लेकरू तापलंय.”

मी सांगितलंतं. एकतीस वर्षांत मला एकदाबी आठवलं न्हाई, पण हे बोलले आन माझाच आवाज माझ्या कानात आला. अर्धा आणू नका. लई जोरात सांगितलं होतं.

“भरला,” हे म्हणले. “मंग पळालो. तुझा हात खिडकीच्या बाहेर होता, तांब्या घ्यायला. फलाट सरेस्तोवर दिसायला होता.”

एवढं सांगून हे परत कासरा वळायला लागले. मला रडू आलं, आन राग बी आला. राग कुणाचा ते कळंना. एवढं आतमधी ठेवलं होतं तर एकदा तोंड उघडायचं होतं की. का मी उघडूच दिलं न्हाई? मी हैदराबादच्या त्या फलाटावर ह्यांना एक शब्द बोलू दिला नव्हता, हे बी तवाच आठवलं.

घरात गेले. पेन आणला. ह्यांच्या शेजारी ओट्यावर बसले, आदिनाथ-मोहिनीला मांडीवर घेतलं, आन दोन्ही तीन तासांवर काट मारली. एकापुढं लिहिलं सात मिनिटं, दुसऱ्यापुढं आठ. ह्यांचा हात थांबला. बघायले, पण अडवलं न्हाई. मंग खाली, जिथं ह्यांचे नियम होते, तिथं मी माझ्या अक्षरात लिहिलं, सातवीपर्यंत शिकलेल्या अक्षरात. ‘उतरायचं तर दोघांनी संगं. राहिलो तर दोघं राहू. पाणी अर्धंच चालंल.’

ह्यांनी पत्रिका हातात घेतली. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून वाचली. दोनदा वाचली. डोळ्यात दोऱ्याचा भुसा गेला म्हणून डोळे पुसले.

मंग म्हणले, “सात मिनिटं म्हणजे… दहा न्हाई का करता येत?”

देवा रे देवा. मी म्हणलं, उठा. बॅग घ्या तुमची, माझी मी घेते. लिंबापासून ओट्यापर्यंत, दोघं. भिवराबाई कुडावर हायेच, ती वेळ लावंल.