नणंदेसाठी गाळलेलं माडगं

मैत्रिणींनो, आज दुपारी माहेरी आलेल्या नणंदेसाठी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं. तिच्या नवऱ्यानं मारल्यामुळं तिचा जबडा मोडलाय. बीडच्या डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं बांधलेत. चावता येत नाही, सगळं स्ट्रॉनं ओढून घ्यावं लागतं.

नुसत्या दुधाला ती विटली होती. म्हणून माडग्याला लसूण-जिऱ्याची फोडणी दिली आणि फडक्यातून गाळलं. पहिला घोट घेतला अन् तिचे डोळे भरून आले. खुणेनं आणखी मागितलं.

तेवढ्यात तिचा नवरा दारात. "गोठ्यात पाय घसरून पडली ती," म्हणाला. "चल घरी, लेकरं रडायलीत."

मला वाटलं, मामंजी त्याला हाकलून देतील. ते म्हणाले, "पाव्हणं, तार निघू द्या. मग मीच आणून सोडतो."

तिनं वाटी खाली ठेवली. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. मी म्हणलं, "ताई, मी हाय ना." बांधलेल्या दातांतूनच ती म्हणाली, "वैनी, तुझं तरी कोण ऐकतंय?"

मैत्रिणींनो, पातळ पण चवीचं काय काय करता येईल, ते सांगाच. आणि तार निघेल त्या दिवशी मामंजींना कसं अडवू, तेही सांगा.